जपमाळेतली तिची बाजू

जपमाळ ही एकटीने म्हणायची गोष्टच नव्हे, असं माझं अजूनही मत आहे. एकाने 'नमो मारिया'चा पहिला अर्धा भाग म्हणायचा आणि बाकीच्यांनी दुसरा अर्धा म्हणून तो पुरा करायचा, अशीच ती आमच्या वसईच्या घरी चालायची. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की आई पुढे बसायची. मागे आम्ही भावंडं, दोन चुलत्या आणि कुणीतरी शेजारीण. मागची बाजू इतकी दणदणीत की आईचं वाक्य संपायच्या आधीच आमचं सुरू व्हायचं. त्यातलं निम्मं लक्ष चुलीवरच्या कालवणाकडे असायचं, हे मारियामातेलाही ठाऊक असणार. तेव्हा मला त्या जपमाळेचा कंटाळा यायचा.

लग्न होऊन मी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आले. नवरा तिथल्या कारखान्यात नोकरीला होता. दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढे व्हरांडा, मागे पेरूचं झाड. कॉलनीत झाडी इतकी की शेजारचं क्वार्टरही अर्धं झाकलेलं. घंटा नव्हती, भोंगा होता. पहिल्यांदा तो वाजला तेव्हा मी हातातलं पीठ तसंच ठेवून रस्त्यावर धावले. कारखान्यात दारूगोळा बनतो एवढंच मला माहीत होतं, त्यामुळे काहीतरी झालं असंच वाटलं. रस्त्यावर माणसं सायकली घेऊन निवांत घरी चालली होती. "अगं, शिफ्ट सुटली," एवढं सांगून नवरा हसला. त्या हसण्याचा राग मला पुढे कितीतरी दिवस पुरला.

नवऱ्याची सेकंड शिफ्ट असली की दुपारपासून मी एकटी. भीती कसली, हे मला धड सांगता यायचं नाही. चोराची म्हणावी तर आमच्याकडे चोरण्यासारखं काही नव्हतं. पण दिवस कलायला लागला की माझी पाचावर धारण बसायची. मी खिडक्या लावायचे, कडी, वरचा बोल्ट, आणि त्यावर लग्नात मिळालेली पत्र्याची पेटी ओढून दाराला टेकवायचे. विदर्भाच्या उकाड्यात अशी बंद खोलीत घामाघूम होऊन मी जपमाळ घ्यायचे आणि तिच्या दोन्ही बाजू स्वतःच म्हणायचे. आपणच पत्ते वाटावेत आणि आपणच दोन्ही हात खेळावेत, तसा तो प्रकार होता. शेवटी मी नवऱ्याला स्वच्छ सांगून टाकलं, नाताळला वसईला गेले की मी परत येणार नाही. तो हसला नाही. ताटातला भात चिवडत बसला.

शेजारच्या क्वार्टरमध्ये माझ्याहून थोड्या मोठ्या एक ताई राहायच्या. माहेर-सासर दोन्ही पवनीकडच्या कोंढ्याचं, धानाची शेती, नवरा आमच्याच कारखान्यात. बाई असून त्या "मी येतो", "मी जातो" म्हणायच्या, याचं मला सुरुवातीला भारी हसू यायचं. मला मात्र त्यांच्या चौकशा नकोशा वाटायच्या. "काहून वो बाई, येवढ्या गर्मीत दार लावून काहून बसतेस?" असं त्या कुंपणावरून विचारायच्या आणि मी खिडकीच्या फटीतून काहीतरी तुटक उत्तर द्यायचे.

ऑक्टोबर हा आमचा जपमाळेचा महिना. कॉलनीत कॅथलिक कुटुंबं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कुणी केरळचं, कुणी तमिळ, कुणी छत्तीसगडकडचं. मारियामातेची एक हातभर उंचीची मूर्ती या घरांतून फिरायची. ज्या घरी ती येई तिथे पहिल्या संध्याकाळी सगळे जमायचे आणि ज्याने त्याने आपापल्या भाषेत जपमाळ म्हणायची. मराठीत म्हणणारे आम्ही दोघंच. पुढच्या संध्याकाळी मात्र घरच्यांनीच तिच्यापुढे बसायचं, असा रिवाज होता. आमच्याकडे माता आली त्या आठवड्यात नवऱ्याची सेकंड शिफ्ट होती. घरचे म्हणजे मी.

टेबलावर पांढरं कापड, मेणबत्ती, बाजूला झेंडूची फुलं. पेटी दाराला लागलेली. मी पहिला अर्धा भाग म्हटला आणि थांबले. दुसरा माझाच होता, पण तो मला म्हणवेना. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडले. खोलीत इतकी शांतता होती की मला आमच्या घरातली ती गलबल्याची मागची बाजू आठवली आणि मी हमसून हमसून रडायला लागले.

दारावर थाप पडली. माझं रडणं जागच्या जागी थिजलं.

"मी हावो, शेजारची. म्हणता म्हणता थांबली काहून?"

मी पेटी ओढली. तिचा तो कर्कश खरखराट ऐकून ताई आत येता येता म्हणाल्या, "चोराले बसाले ठेवली का हे?" त्यांच्या हातात सूप होतं. सुपात तांदूळ, नारळ, ब्लाउजपीस, हळदीकुंकवाची कुयरी. "माय आली तुह्या घरी, अन् मले सांगतलं बी नाही. तिले रिकाम्या पदरानं धाडतेस का?" मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मूर्तीच्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवलंही. पांढऱ्या प्लास्टरवर लालभडक टिकली उमटली. आता बाकीचे काय म्हणतील! ताईंनी मात्र तिच्या पायाशी ओटी ठेवली, मागे सरून तिला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "लेकरू कोठी ठेवलं इनं?"

"या मूर्तीत लेकरू नाही. ती एकटीच आहे."

"मंग एकटी असून भेत नाही वाट्टे."

येशूच्या जन्माची बातमी घेऊन देवदूत तिच्याकडे आला तेव्हा 'भिऊ नकोस' असं त्याला आधी सांगावं लागलं होतं, हे मला आठवलं. म्हणजे तीही घाबरलीच असणार. असेल अशीच कुठल्यातरी बंद खोलीत, एकटी. लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलेलं ते वाक्य मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं, आणि मूर्तीकडे बघताना ती मला वयाने माझ्याएवढीच वाटली.

ताईंनी मांडी घातली. "तू अर्धच म्हणतेस. बाकीचं कोण म्हणते?" मी समजावलं. "मंग शिकव मले," त्या म्हणाल्या. मी त्यांना शब्द सांगत गेले आणि त्या म्हणत गेल्या. देवाच्या आईने आम्हा पाप्यांसाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती करावी, असा त्या दुसऱ्या भागाचा शेवट. मरणाचं नाव येताच ताईंनी हात वर केला.

"दिवाबत्तीच्या वक्ती मराचं कायले काढते वो?"

मी समजावून पाहिलं. प्रार्थना आहे, शेकडो वर्षं अशीच म्हणतात, असं तोडून चालत नाही. त्या ढिम्म हलल्या नाहीत. "'आता'वरीच म्हणतो मी. मराचं मंग पाहू."

मग तसंच सुरू झालं. मी पुढचं म्हणायचे, त्या मागचं म्हणायच्या आणि 'आता'पाशी येऊन ठाम थांबायच्या. उरलेले शब्द मी घाईघाईने पुटपुटून पुढच्या मण्यावर जायचे. जपमाळ संपली तेव्हा बाहेर पूर्ण अंधार पडला होता आणि दार सताड उघडं होतं, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

कुंकवाने करायचा तो गोंधळ केलाच. पुढच्या घरच्या केरळच्या आंटीने ते खोबरेल तेल लावून पुसायला घेतलं आणि सगळं कपाळ गुलाबी करून ठेवलं. मला चांगलंच फैलावर घेतलं. त्या वर्षी मारियामाता सगळ्यांच्या घरी लाजत लाजत गेली. मला मनातून हसू येत होतं.

नाताळला मी वसईला गेले आणि नव्या वर्षात परत आले. पत्र्याची पेटी कॉटखाली गेली. सेकंड शिफ्टच्या दिवसांत संध्याकाळी ताई पदराला हात पुसत यायच्या आणि आपली बाजू म्हणायच्या. त्यांच्या नवरात्राला मी बसायचे, आमच्या नाताळला त्या करंज्या लाटायच्या. देव कुणाचा मोठा, हा विषय आमच्यात कधी निघाला नाही, भाजीत मीठ कुणाचं जास्त यावरून मात्र आम्ही खूप भांडलो. माझी मुलगी तर जपमाळ 'आता'पाशीच संपते असं समजून मोठी झाली, आणि त्यावरून पुढे फादरांची बोलणी मी खाल्ली.

मग ताईंचे यजमान रिटायर झाले आणि ती दोघं कोंढ्याला गेली. कॅथलिक कुटुंबंही बदल्या होऊन पांगली. फिरायला घरंच उरली नाहीत, तेव्हा मूर्ती आमच्याकडे कायमची राहिली, कपाळावर ती फिकट गुलाबी खूण घेऊन.

रिटायरमेंटनंतर आम्ही भंडाऱ्यात घर घेतलं आणि काही वर्षांनी नवरा आजारी पडला. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, तेव्हा काय ते मी समजले. मुलगी पुण्याहून निघाली होती. ताई दुपारच्या एसटीने आल्या. नवऱ्याचा श्वास लागला होता, डोळे मिटलेले होते. दिवा लावायच्या वेळी मी जपमाळ घेतली. आमच्यात मरणाऱ्या माणसाजवळ ती म्हणतात. पण ती कॉलनीतली जुनी भीती तशीच्या तशी परत आली होती.

मी पहिला अर्धा म्हटला. ताईंनी दुसरा उचलला. 'आता'पाशी त्या आल्या आणि मी सवयीने उरलेलं पुटपुटायला तोंड उघडलं. पण ताई थांबल्या नव्हत्या. 'आणि आमच्या मरणाच्या वेळी' हे शब्द त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघत, सावकाश, माझ्यासारख्याच उच्चारात म्हटले. इतकी वर्षं त्यांना ते पाठ होतं. त्या संध्याकाळी प्रत्येक मण्याला त्यांनी ते पुरं म्हटलं, एकदाही गाळलं नाही. नवरा पहाटे गेला, आणि मी त्याच्याजवळ न घाबरता बसलेली होते.

मुलगी मला पुण्याला बोलावते. एकटी कशी राहशील, म्हणते. मी दाराला एकच कडी लावते आणि झोपते. सात वाजले की कोंढ्याहून फोन येतो. तो मी मूर्तीपाशी टेकवून ठेवते. दफन आटोपून ताई कोंढ्याला परतल्या त्या पहिल्याच संध्याकाळी असाच फोन आला, मी पुढचं म्हटलं, ताईंनी मागचं म्हटलं आणि 'आता'पाशी येऊन त्या थांबल्या.

"का थांबलात ताई?" मी विचारलं. "परवा तर पुरं म्हटलंत."

"ते त्याच्यासाठी होतं," ताई म्हणाल्या. "आपल्या दोघीचं मंग पाहू. तू म्हण समोरचं."