पयले तिच्या हाती

पोस्टाच्या खिडकीपाशी पोचले की मिस्त्री सदऱ्याच्या खिशातून पैसे काढायचे, शेजारी उभ्या असलेल्या बायकोच्या हातावर ठेवायचे आणि स्वतः डावीकडे सरकून तिला पुढची जागा करून द्यायचे. एवढ्याशा कामाला एवढा सोहळा कशाला, असं मागच्या रांगेला वाटायचं. खिडकीतल्या बाबूने सवयीने मिस्त्रींपुढे हात केला, तर ते मान हलवून म्हणायचे, "माया हातून नाई. पयले तिच्या हाती."

अकोल्याच्या ज्या कापडगिरणीत मिस्त्री फिटर होते, तिथे मी ऑफिसात कारकून होतो. अमरावतीहून नोकरीसाठी आलेला, नवखा, आणि आपल्याला फार कळतं अशा समजुतीत असलेला. गिरणीचं टपाल पोस्टात नेणं माझ्याकडे होतं, म्हणून हा सोहळा मला दर महिन्याला बघायला मिळे.

पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर निंबाखाली बायकांची गर्दी व्हायची. तुम्ही गिरणीच्या गावात राहिला असाल तर ती गर्दी तुम्हीही पाहिली असेल. नवऱ्याचा पगार वाटेतल्या गुत्त्यात शिरण्याआधी पकडायचा, यासाठी त्या येत. मिस्त्रींची बायको त्यांच्यातच उभी असे, पण मिस्त्री दारूला शिवत नव्हते. तिला यायला त्यांनीच फर्मावलेलं होतं. इतर नवरे त्यावरून त्यांची टर उडवत आणि मिस्त्री ती आरामात उडवू देत.

याची सुरुवात आमच्या ऑफिसात झाली. गिरणीत प्रॉव्हिडंट फंड लागू होऊन काही वर्षं झाली होती. कामगाराच्या पगारातून कापायचं, गिरणीने तेवढंच घालायचं आणि नोकरी संपली की ते त्याच्या हाती पडायचं. एक दिवस मिस्त्री आमच्या बड्या बाबूंच्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "बाबूजी, माया पगारातून आखीन थोडे कापा. पन थे मायासाठी नाई, मायी बायकोच्या फंडात टाका."

बडे बाबू चष्म्यावरून बघत राहिले. "बायको गिरणीत कामाला आहे का?"

"नाई. घरी रायते."

"मग तिचा फंड कसा निघेल? ज्याचं नाव हजेरीला, त्याचाच फंड."

"काहून? थे घरी रायते म्हनून तिले म्हातारपन येनार नाई का?"

सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो. बडे बाबू तसे सज्जन होते. त्यांनी समजावलं की मिस्त्रींच्या माघारी त्यांचा फंड बायकोलाच मिळेल, वारस म्हणून तिचं नाव लावलेलंच आहे. मिस्त्रींना ते पटलं नाही. "म्हंजे मी मेल्यावर," ते म्हणाले. "मी जिता असतानी तिच्या हाती काई नाई. मी मरायची वाट पायल का थे?"

हा प्रश्न नियम करणाऱ्यांना पडलेला नसावा. शेवटी मी म्हणालो, पोस्टात तिच्या नावाने खातं काढा. पैसे कोणीही भरावेत, पण काढायचे तर तिच्याच सहीने निघतील.

"म्हंजे मले बी काढता येनार नाई?"

"तुम्हालाही नाही."

या अटीवर मिस्त्री खूश झाले. दुसऱ्या माणसाने याच अटीवर बेत रद्द केला असता. त्याच आठवड्यात मी दोघांना घेऊन पोस्टात गेलो. छप्पन सालानंतर त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहारात संध्याकाळचा वर्ग भरू लागला होता आणि मिस्त्रींची बायको तिथे सही शिकली होती. जीभ दातांत धरून तिने नाव लिहिलं. मिस्त्रींनी ते वाकून वाकून पाहिलं आणि मग खिडकीसमोरच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिला बजावलं, "ऐकून घे. हे तुया म्हातारपनाचे हायेत. कोनी बी मांगतले तरी देजो नको. मी मांगतले तरी देजो नको."

तिने मान हलवली. बाई मोजकं बोलणारी होती. पण ऐकलेलं विसरणारी नव्हती, हे मिस्त्रींना पुढे कळलं.

काही वर्षं सुरळीत गेली. दिवाळी असो, पोराची फी असो, घर गळत असो, आधी पोस्ट. मिस्त्रींना मिशा पांढऱ्या होण्याची घाई झाल्यासारखी वाटे. "आमी दोघंही बुढे झालो की पाहा बाबू," ते मला म्हणत. "मी माया फंडावर बसीन, थे तिच्या खात्यावर बसीन. पोरासमोर हात नाई पसरायचा. आन थे मायासमोर बी नाई पसरनार."

मग बार्शीटाकळीची जमीन निघाली. मिस्त्रींचा भाऊ तिकडे दुसऱ्यांच्या वावरात राबत होता. त्याच वावराचा एक तुकडा विकायला निघाला, काळी कसदार जमीन. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी दुसऱ्याच्या जमिनीत घाम गाळला आणि स्वतःच्या नावावर कधी ढेकूळ पाहिलं नाही, त्यांच्या घरात अशी बातमी आली की काय होतं ते मी सांगायला नको. मिस्त्री कामावर असूनही कामावर नव्हते. भावाने आपल्या हिश्शाची जुळवाजुळव केली. मिस्त्रींचा हिस्सा फक्त एकाच ठिकाणी होता.

ते बायकोला घेऊन पोस्टात आले. मी तिथेच टपाल देत होतो. मिस्त्रींनी पैसे काढायचा कागद तिच्यापुढे सरकवला. तिने लेखणी हातात घेतलीच नाही.

"कर न सही."

"तुमीच सांगतलं होतं," ती म्हणाली. "तुमी मांगतले तरी देजो नको म्हनून."

मिस्त्रींना वाटलं ती थट्टा करते आहे. मग त्यांनी समजावलं, मग आवाज चढवला, मग माझ्याकडे पाहिलं. मी नियम सांगितला. तोच, मीच त्यांना सांगितलेला. ती बाहेर पायरीवर जाऊन बसली. मी तिच्यापाशी गेलो, कारण मलाही ती अडून बसली आहे असंच वाटत होतं. ती शांतपणे म्हणाली, "जमीन दोघा भावाइच्या नावावर होईन, बाबू. त्याच्यात मायं नाव कुठीसा येईन?"

जमीन दुसऱ्याने घेतली.

त्यानंतर मिस्त्रींनी बायकोशी अबोला धरला. ती दुपारी डबा घेऊन फाटकाशी यायची, एक दिवस चुकली नाही. मिस्त्री डबा घ्यायचे आणि जवळ मी दिसलो की म्हणायचे, "बाबू, तिले सांगा, भाजीत मीठ जास्त पडून रायलं." ती हातभर अंतरावर उभी असायची. "बाबू, त्याइले सांगा," ती म्हणायची, "मीठ हाय तेवढंच हाय, तोंड खारट झालं असंन." मी मध्ये उभा राहून दोघांचे निरोप दोघांना पोचवत असे. माझं लग्न तेव्हा व्हायचं होतं. बरंच शिक्षण तिथे झालं.

खरी धास्ती मला पगाराच्या दिवसाची होती. त्या दिवशी निंबाखाली ती नेहमीसारखी येऊन उभी राहिली. मिस्त्री फाटकातून बाहेर आले आणि तिच्याकडे न बघता चालू लागले. ती मागून निघाली. मी माझं टपाल उचलून जवळजवळ पळतच गेलो. पोस्टात रांग होती. त्यांची पाळी आली. मिस्त्री खिडकीकडे तोंड करून नुसते उभे राहिले. बाबूने विचारलं, "भरायचे का?" मिस्त्रींनी खिशात हात घातला, भिंतीकडे बघत तो बाजूला केला आणि पैसे तिच्या हातावर ठेवले. मग डावीकडे सरकले.

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मायी बायको मोठी बेइमान हाय, बाबू. मायंच ऐकते." हे सांगताना त्यांना जो अभिमान होता, तो लपवणं त्यांना जमलं नाही. पुढे वर्षभर ती गोष्ट त्यांनी सबंध फिटिंग खात्याला ऐकवली.

ती पावसाळ्यानंतरच्या तापाने गेली. आठवड्याभरात सगळं संपलं. केस काळेच होते तिचे. विहारात वंदना झाली तेव्हा मी मागे बसलो होतो. मिस्त्री माझ्याजवळ आले आणि एवढंच म्हणाले, "आलंच नाई, बाबू. तिचं म्हातारपन आलंच नाई." मला रडू आवरलं नाही. त्यांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला.

खात्यातले पैसे नियमाप्रमाणे नवऱ्याचे झाले. तिने हयातीत जे त्यांना दिलं नव्हतं, ते आता मागितल्याशिवाय त्यांच्याकडे येत होतं. दाखले आणि सह्या यांत हिवाळा गेला. मिस्त्रींनी स्वतः काही हालचाल केली नाही. त्यांचा पोरगा आणि मी मागे लागलो म्हणून ते झालं. शेवटी एके दिवशी मी त्यांना सोबत घेऊन पोस्टात गेलो. पगाराचा आठवडा होता, रांग मोठी होती. बाबू तोच होता, जुना. त्याने पैसे बाहेर सरकवले आणि म्हणाला, "घ्या, मिस्त्री."

मिस्त्री डावीकडे सरकले.

बाबूचा हात तसाच खिडकीत राहिला. मिस्त्री बाजूला उभे होते, मान खाली घालून, नेहमीच्या जागी. खिडकीसमोर एका माणसाची जागा मोकळी होती. मागच्याला वाटलं यांचं आटोपलं, म्हणून तो पुढे यायला निघाला. मी त्याचा दंड धरला आणि म्हणालो, "थांबा जरा."