कौल लावण्याआधी

हर्षालीने अकरावीला विज्ञान घेतलं तर कुणाच्या पदरात काय पडणार, हे ती दुपारच्या जेवणानंतर चटईवर पडल्या पडल्या ताडून बघते आहे. बाबांच्या दारावर पुढेमागे डॉक्टरची पाटी लागेल. कुडाळच्या मामाला त्याच्या क्लासच्या फलकावर छापायला घरचाच फोटो मिळेल. आईला माहेरी ताठ मानेने मिरवता येईल. कौल लावणाऱ्या गुरवाला काय, नारळ कसाही मिळणारच.

आणि तिला हवे असलेले मानसशास्त्र, तत्त्वज्ञान घेतले तर? कुणालाच काही नाही. "एक वेड्यांचा, दुसरा रिकामटेकड्यांचा," असं म्हणून मामाने दोन्ही विषय सकाळीच निकालात काढलेत. बाबांनी भांडण नको म्हणून या घराच्या रिवाजाप्रमाणे प्रश्न देवावर सोपवलाय. संध्याकाळी कौल. देवाच्या पाषाणावर दोन अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मग त्यावर कुणी बोलायचं नाही.

पंखा घरघरतो. पापण्या जड होतात. घशाला कोरड पडली म्हणून ती उठते, निदान उठल्यासारखं वाटतं, आणि स्वयंपाकघरात जाते.

रत्नू आत्या सुपात कुळीथ निवडत बसली आहे.

आत्या गेल्या शिमग्यात वारली, हे हर्षालीला पक्कं ठाऊक आहे. तरी मनात पहिलं येतं ते हेच, की ही आज जेवली का.

"जेवलंस, आत्ये?"

"माझा सोड. तुका ते विषय कित्याक व्हये?"

"तुझ्यासाठी."

"मेलेल्या माणसासाठी शिकतंस? बरा डोक्या तुझा!" आत्या हसते. जेवण सुटायच्या आधी ती अशीच हसायची. पुढे बोलणं सुटलं, आणि मग तीच सुटली.

कुळीथ घरंगळत जातात. त्यांच्यामागून हर्षाली जाते तर पुढे कॉलेजची प्रवेशाची रांग. फरशी मात्र ओली, गाभाऱ्यासारखी थंड. खिडकीत कारकुनाच्या जागी गुरव. तिच्याकडे न बघताच तो विचारतो, "बाधा भायरची की घरातली?"

हाच तो प्रश्न. आत्याने अन्न सोडलं तेव्हा डॉक्टरकडे न्यायच्या आधी घरच्यांनी देवाला हाच विचारला होता. कळी उजवी पडली, बाधा बाहेरची ठरली. अंगारे झाले, उतारे झाले. डॉक्टरकडे न्यायला गाडी सांगायची राहून गेली ती गेलीच.

"माझे विषय लिवा," हर्षाली काकुळतीला येते. "लिवा हो!"

खिडकीपलीकडे आता गुरव नाही. पाषाणाच्या जागी आत्या बसली आहे. दोन्ही खांद्यांवर लाल कळ्या. समोर बाबा, आई, मामा हात जोडून उभे. सगळ्यांची नजर कळ्यांवर. तोंडाकडे एकाचीही नाही. हर्षाली बाबांचा सदरा ओढते. ते हलत नाहीत. ती ओरडते, तर आवाज फुटत नाही. ती गुडघ्यांवर पुढे सरकते.

"हलू नको गो," आत्या पुटपुटते. "कळी पडात."

"पडूं दे! आत्ये, तुका काय होत होता?"

आत्या तिच्याकडे बघत राहते. दिवा लावायच्या वेळी दारात कुणी नवखं आलं की बघावं, तशी.

"सगळ्यांनी देवाक इचारल्यानी," ती म्हणते. "माका कोणी नाय."

"मी इचारतंय. सांग."

"सांगतंय. सकाळी डोळे उघडलंय की..."

"उठ गो! गुरव वाट बघता."

"थांबा!" हर्षाली ओरडते, आणि या वेळी आवाज फुटतो. ती चटईवर आहे. पंखा बंद, वीज गेलेली. दारात बाबा, हातात नारळ. ती पुन्हा डोळे घट्ट मिटते. स्वयंपाकघर नाही, सूप नाही, काही नाही. अर्धं वाक्य ती मनात धरून ठेवते, आणि ते ओंजळीतल्या पाण्यासारखं निथळत जातं.

मूठ उघडते तर आत एक लाल कळी. ओली. अंगणात लाल फुलाचं झाड नाही, आणि देवळात न्यायची फुलं अजून आलेली नाहीत. उजवी की डावी, आता कळायला मार्ग नाही.

"बाबा, देवाक मगे. आदी माका इचारा."

बाबा नारळ या हातातून त्या हातात घेतात. रागावलेले नाहीत, खरंच गोंधळलेत.

"काय इचारू?"

तिला रडू फुटतं. बाबांना पाटी मिळेल, मामाला फोटो, आईला मान; देवाचं तर कधीच काही अडलं नव्हतं. या सगळ्यांच्या वाटचं आत्या एकटीने भरून गेली होती, आणि तिला काय होत होतं, हे तिलाच विचारायचं असतं हेसुद्धा या घराला अजून ठाऊक नाही.