जीपमधली भाकर

कामरगावहून कारंज्याला जाणाऱ्या जीपमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. साठीची असेल. हातांवर गोंदण, मांडीवर फडक्यात बांधलेली शिदोरी. जीप भरल्याशिवाय सुटणार नव्हती, म्हणून तिनं फडकं सोडलं आणि मला विचारलं, "जेवली काय वो बाई?"

"नाही. घरच्यांचं आवरता आवरता राहूनच गेलं."

तिनं अर्धी भाकर मोडली, वर ठेचा ठेवला आणि माझ्या हातात दिली. मी संकोचले, तर म्हणाली, "खाय. मी बी चाळीस वर्सं सर्वायचं झाल्यावरच जेवली. पोरं शयरात गेली, घर खाली झालं, तवा ध्यानात आलं. मले कोनी थांब म्हनलंच नवतं. मीच थांबून राह्यली होती."

मी शेवटचा घास खाईपर्यंत ती माझ्या तोंडाकडे कौतुकानं पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर ताट वाढून घेतलं. वाढायला बसलेल्या सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटलं, रागावल्या. पण त्या आपलंही ताट घेऊन आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.