तिसाच्या आतली वीज

मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी मला एकच छायाचित्र हवे होते. वादळांचा अभ्यास करणाऱ्या परदेशातल्या एका मोहिमेसाठी मी अर्ज भरला होता. स्वतः टिपलेली पाच छायाचित्रे जोडायची होती. चार झाली होती. पाचवे, जमिनीला भिडणाऱ्या विजेचे, बाकी होते आणि अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत होती.

लालबागच्या आमच्या चाळीच्या गच्चीवरून पूर्वेला, रे रोडच्या बाजूला, वळवाचा ढग ऐरणीसारखा पसरत होता. मी ट्रायपॉड उभा केला. माझा नियम साधा होता : वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे, मोजणी तिसाच्या आत आली, की खाली उतरायचे. अडचण एवढीच, की टिपण्याजोगी वीज बहुधा तिसाच्या आतच पडते.

बेचाळीस. छत्तीस.

गच्चीच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावरच्या काकू वाळत घातलेल्या आंब्याच्या साठांची ताटे गोळा करत होत्या, अगदी सावकाश. रोज सकाळी मला आभाळाचा अंदाज विचारूनच त्या ती वर चढवत.

"काकू, आवरा लवकर."

"तू उभी आसस मां? मगे येळ आसा."

सव्वीस. मी हलले नाही. मोजायला उशिरा सुरुवात झाली, खरा आकडा तिसाच्या वरच असेल, अशी स्वतःची समजूत घातली. वारा एकदम गार झाला, गिरणीची चिमणी चौकटीत स्वच्छ दिसू लागली. वीज ढगातल्या ढगात चमकून विझली. आणखी एकच, म्हणून थांबले.

एकोणीस.

मागे वळले, तर काकू दोन्ही हातांत स्टीलची ताटे घेऊन उभ्याच. त्या आभाळाकडे पाहत नव्हत्या, माझ्याकडे पाहत होत्या.

"काकू, खाली चला!"

"तू हंय उभी आणि माका पळवतंस? अजून तीन ताटां रवली."

माझ्या बोलण्याने त्या हलणार नव्हत्या. मी कॅमेरा उतरवला, ट्रायपॉड मिटला. ते पाहताच त्यांनी उरलेली ताटे सोडली आणि जिन्याकडे वळल्या. आम्ही दुसऱ्या वळणावर असताना जिन्याची जाळी पांढरीफटक झाली. मोजायला अवधीच मिळाला नाही.

त्या रात्री पाचवी जागा रिकामी ठेवून मी अर्ज पाठवला.

सकाळी काकूंनी दार वाजवले. वर राहिलेली तीन साठे भिजून गेली होती.

"आज ताटां चढवू काय गो?"

एरवी मी उभ्याउभ्या उत्तर देत असे. त्या दिवशी त्यांना बसायला सांगितले, आणि आधी गच्चीवर जाऊन आभाळ पाहून आले.