अप्पांची पातळ पंगत

अप्पांना एकट्यानं जेवताच येत नसे. ताट समोर आलं की ते उचलून थेट ओट्यावर यायचे आणि रस्त्यानं जो कुणी चालला असेल त्याला हाक मारायचे. पोस्टमन, बोहारीण, समोरच्या सायकल दुकानातले शेखभाई, शाळेत शिकवून परतणारी मी, कुणीही चालायचं. "या, घासभर खा." समोरचा आत्ताच जेवलो म्हणाला, तर "मग बसा तरी. मी खातो, तुमी बघा." सगळी आळी त्यांना पंगतअप्पा म्हणायची. त्यांच्या बायकोनं, म्हणजे माईंनी, चिडून बघितलं, समजावून बघितलं आणि शेवटी मुकाट्यानं चार भाकऱ्या जास्त थापायला सुरुवात केली.

नव्वद सालानंतरची गोष्ट. देवळाली प्रवऱ्याच्या शाळेत मला नोकरी लागली आणि मी अप्पांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आले. मी नगरची, एकुलती एक, जेवताना पुस्तक लागणारी. पहिल्याच संध्याकाळी अप्पांनी दार वाजवलं. "बाई, ताट घिऊन भायेर या. पुस्तक काय पळून जात न्हाई." मला चांगलाच राग आला होता. ताट घेऊन गेले ते नाइलाजानं. महिनाभरात मात्र ओट्यावर, खांबाजवळ, माझी जागा ठरून गेली आणि तिथं दुसरं कुणी बसलं तर मला राग यायला लागला.

अप्पा साखर कारखान्यात वेल्डर होते. जेवण दणदणीत. बाजरीची कडक भाकरी, ठेचा, बुक्कीनं फोडलेला कांदा, आणि सुकट असली तर मग विचारूच नका. चावण्याचा आवाज माझ्या खोलीपर्यंत यायचा. मऊ काही वाढलं की म्हणायचे, "हे काय बाळंतिणीचं जेवान हाय का?" अशा माणसाची दाढ दुखायला लागली. अख्खा गळीत हंगाम त्यांनी लवंग दाबून काढला. कारखाना बंद झाला, माझ्या शाळेला सुट्टी लागली, तेव्हा मी त्यांना नगरला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. अक्कलदाढ हाडात आडवी वाढली होती. "पन्नाशीला अक्कल आली, तीबी आडवी," एवढं बोलून अप्पा खुर्चीत बसले. हिरडी कापून, हाड कोरून दाढ काढली, टाके घातले. डॉक्टरांनी बजावलं, आधी काही दिवस पातळ आणि गार, मग टाके निघेपर्यंत मऊ, आणि तिखटाचं नावसुद्धा काढायचं नाही.

घरी आल्यावर माईंचं निराळंच सुरू झालं. दूध नको, भात तर अजिबात नको, भातानं जखमेत पू होतो. मी म्हटलं, डॉक्टरांनीच मऊ भात सांगितलाय. "डाक्टरला काय, त्येला उस्तवार करायची हाय का?" माई म्हणाल्या. बऱ्याच घासाघिशीनंतर आमचं हुलग्याच्या माडग्यावर एकमत झालं. हुलगे भाजून दळायचे, ते पीठ गूळ-पाणी घालून पातळ शिजवायचं आणि गार करायचं. माडग्याला डॉक्टरांची हरकत असण्याचं कारण नव्हतं, कारण मी त्यांना विचारलंच नव्हतं.

अप्पा वाटी घेऊन सवयीनं ओट्यावर आले. गाल सुजून पेरूएवढा झालेला. शेखभाईंना हाक मारली, तर ते लांबूनच म्हणाले, "आज नको अप्पा, तुम्ही आराम करा," आणि दुकानात शिरले. पोस्टमन सायकलवरून उतरलासुद्धा नाही. जेवणाच्या वेळेला आळीतली दारं एकेक करून बंद झाली. आळीनं आपापसांत ठरवून टाकलं होतं की बिचाऱ्या अप्पांच्या समोर कुणी काही खायचं नाही, फोडणीचा वाससुद्धा त्यांच्याकडे जाऊ द्यायचा नाही. मीही त्यातलीच. दार लावून, पुस्तक उघडून, चोरासारखी पोळी-भाजी खात होते. आम्हाला वाटत होतं, आपण केवढी माया करतोय.

अप्पांनी माडगं तसंच खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशीही ठेवलं, तिसऱ्या दिवशीही. उपाशीपोटी गोळ्या घेऊन त्यांना भोवळ यायला लागली. न्हाणीघराच्या दारात ते मटकन खाली बसले, तेव्हा माईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. मला वाटलं चव आवडत नसेल. साखर घालू का, म्हणून विचारलं. सुजलेल्या तोंडानं, अडखळत, अप्पा बोलले.

"मी ल्हान हुतो बाई. गावात लगीन हुतं. आमच्या लोकान्ला मांडवाच्या भायेर बसवलं, तेबी समदे जेवून उठल्यावर. बापानं पत्रावळ तशीच ठिवली आन् मला घिऊन घरी आला. घरी दोघंच बसलो भाकर घिऊन. घास गिळंना." मग बंद दारांकडे बघून म्हणाले, "दारं लावलेली दिसली की त्येच आठवतं. तुमी काय वाईटावर न्हाई, ठावं हाय मला. पर घास गिळत न्हाई."

माई डोळे पुसून उठल्या. त्यांनी सगळ्यात मोठं पातेलं चुलीवर चढवलं. माडगं गार झाल्यावर, आयुष्यात कधी आवाज न चढवलेल्या माई ओट्यावर उभ्या राहिल्या आणि अप्पांच्या थाटात ओरडल्या, "या रं समदे! वाट्या घिऊन या!" मी दारोदार जाऊन कारण सांगितलं. शेखभाई दुकान उघडं टाकून आले. बायका आल्या, पोस्टमन आला. ओट्यावर जागा पुरेना, तेव्हा रस्त्यावर सतरंजी पसरली.

माईंनी वाढलं. सगळ्यांच्या वाट्या भरल्या आणि सगळे थांबले. अप्पांच्या पंगतीचा नियमच होता की अप्पांनी "घ्या" म्हटल्याशिवाय आणि पहिला घास उचलल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. अप्पांनी हातानं खूण केली. कुणी हललं नाही. "आधी तुम्ही," शेखभाई म्हणाले. अप्पा रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिले. मग वाकड्या तोंडानं कसंबसं "घ्या" म्हणाले आणि वाटी ओठांना लावली. पाठोपाठ सगळ्या आळीनं भुरके मारले. रोज तिखटजाळ खाणाऱ्या शेखभाईंचा चेहरा बघून अप्पांना हसू आलं, टाके ओढले गेले आणि ते गाल धरून कळवळत हसत राहिले. मी वाटीआड तोंड लपवून रडून घेतलं.

टाके निघेपर्यंत मग पातळ पंगत रोज बसली. कुणी मुगाची मऊ खिचडी आणली, कुणी भोपळ्याची खीर, शेखभाईंच्या घरून फिरनी आली. ज्वारीच्या कण्या तर इतक्या झाल्या की पोरं अप्पांना पाहून पळायला लागली. भातावरची बंदीही माईंनी न बोलता उठवली. बुद्धपौर्णिमेला घरात मोठं पातेलं भरून खीर झाली, तेव्हा अप्पा प्रत्येकाला वाढताना सांगत होते, "आज समद्यांचं जेवान माज्यावानी!"

पुढं माझी बदली झाली. निघताना अप्पांनी काही उपदेश केला नाही. एसटीच्या खिडकीतून भाकरीचं गाठोडं दिलं आणि शेजारच्या सीटवरच्या अनोळखी बाईंना म्हणाले, "दोघींत खा बरं का." आम्ही राहुरी यायच्या आत ते संपवलं. काही वर्षांनी अप्पा गेल्याचं कळलं. मी गेले तेव्हा माईंनी मला ओट्यावर खांबाजवळ बसवलं, ताट दिलं आणि स्वतःचं ताट घेऊन शेजारी बसल्या.

मागच्या वर्षी माझ्याच जबड्याचं ऑपरेशन झालं. तेच, पातळ आणि गार. मी खोलीत माडग्याची वाटी घेऊन बसले होते. बाहेर नवरा आणि लेक हळू आवाजात जेवत होते, भाजीचा वास येऊ नये म्हणून दार लावून घेतलं होतं. मला सगळी देवळाली आठवली. मी उठून दार उघडलं. त्यांच्या ताटांशेजारी दोन वाट्या ठेवल्या, दोघांना थोडं थोडं माडगं वाढलं आणि मध्ये जाऊन बसले. काही न विचारता दोघांनी वाट्या हातात घेतल्या आणि माझ्याकडे बघत थांबले.

तोंड सुजलेलं होतं, तरी मी म्हटलं, "घ्या."