पुस्तकवाली गाडी

डावा हात गिअरवरून उचलायचा, पंजा उभा धरायचा आणि रस्त्यावरची नजर न हलवता म्हणायचं, "धडा संपू द्या." गाडीत कुणी बोलायला तोंड उघडलं की आमच्या ड्रायव्हरचं हे ठरलेलं. मग तोंड उघडणारा बँकेतला साहेब असो की भाचीच्या लग्नाला निघालेली मावशी. मावशीला आधी वाटायचं, कीर्तन लावलंय. ती पदर सावरून ऐकायला लागायची आणि थोड्या वेळाने शेजारच्या बाईला हळूच विचारायची, "हा बाप्पा आतड्याचं काहून सांगून राह्यला वो?"

अमरावती ते अकोला रोज जाऊन-येऊन नोकरी करणारे आम्ही काहीजण त्याच्या गाडीने जायचो. सकाळी राजापेठेतून निघायचं, संध्याकाळी अकोल्याहून परत. मी अकोल्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते. बाई म्हणून मला पुढची, खिडकीजवळची सीट मिळायची, त्यामुळे त्याचं पुस्तक मला सगळ्यांत जवळून ऐकू यायचं. बाकीच्या गाड्यांत गाणी असत. याच्या गाडीत बोलकी पुस्तकं. कथा-कादंबरी नाही. मिठाचा इतिहास, पोटातले जंतू, शहरं कशी वाढली, माणूस खोटं का बोलतो, असले विषय. स्टँडवर आमच्या गाडीला नावच पडलं होतं, पुस्तकवाली गाडी.

ही पुस्तकं त्याच्या फोनवर मुलीने टाकून दिली होती. ती नागपूरला नर्सिंग शिकत होती. बाप दिवसभर गाडी चालवतो, सोबत म्हणून. मी एकदा विचारलं, तुम्ही पुस्तकं वाचत का नाही? तो म्हणाला, "मले वाचता येते मॅडम. बसता येत नाई." हे अगदी खरं होतं. स्टेअरिंगमागे तासन्‌तास बसणारा हा माणूस खुर्चीवर बसला की दोन मिनिटांत उठून टायरला लाथ मारून हवा बघायला जायचा.

नम्रता वगैरे प्रकार त्याच्याकडे नव्हता. "या लाईनवर माह्यासारखा डायवर नाई," हे तो दिवसातून एकदा तरी सांगायचा, आणि खोटंही नव्हतं. पुस्तकांच्या बाबतीतही तोच तोरा. ऐकता ऐकता तो पुस्तकाशी भांडायचा. कुठल्याशा आरोग्याच्या पुस्तकात ते वाचणाऱ्या गोड आवाजाच्या बाईने सांगितलं, की भर दुपारी थोडं उन्हात चालावं, हाडांना चांगलं असतं. याने तिथेच ते थांबवलं. "बाई, तुमी मे महिन्यात अकोल्यात येऊन हे सांगा. मी सोता तुमाले स्टेशनवर घ्यायले येतो." मग पुन्हा चालू. गाडीत हशा पिकला, पण त्याला हसायचं नव्हतं. त्याला खरंच त्या बाईचं उत्तर हवं होतं.

मूर्तिजापूरला उतरणाऱ्या एका गृहस्थांची रोज पंचाईत व्हायची. धडा नेमका रंगात आलेला असताना त्यांचं गाव यायचं. ते दार उघडं धरून उभे राहायचे. मागचे ओरडायचे. शेवटी हा म्हणायचा, "जा भाऊ, बाकीचं उद्या सांगतो." आणि सांगायचा, पण स्वतःची भर घालून. या गृहस्थांना पित्ताचा त्रास होता. पोटात जंतूंचं अख्खं गाव वसलेलं असतं आणि त्या गावाला खायला घालावं लागतं, हे ऐकल्यावर याने त्यांना रोज सकाळी शिळी भाकर आणि आंबट ताक घ्यायला लावलं. आठवड्याने ते पोट धरून गाडीत चढले. सगळे पुस्तकाला नावं ठेवायला लागले, तेव्हा याने पंजा उभा केला. "पुस्तकाले बोलू नका. गाव पुस्तकातलं, भाकर माह्यी."

ही त्याची मला फार आवडलेली गोष्ट. बोलताना तो सारखा कुंपण घालायचा, हे पुस्तकातलं आणि हे माह्यं. आपल्यातले किती शिकलेले लोक असं कुंपण घालतात, तुम्हीच आठवून बघा. मी तरी वर्गात घालत नाही.

एका सकाळी कापसाच्या इतिहासाचं पुस्तक चालू होतं. सातासमुद्रापार कुठेतरी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडकला आणि इंग्रजांच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे तोंड वळवलं, असं वाक्य आलं. त्याने कचकन ब्रेक मारून गाडी कडेला घेतली. "ऐकलं का? आपलं नाव घेतलं." मागे नेऊन ते वाक्य पुन्हा लावलं. मग पुन्हा एकदा लावलं. दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी उभी होती, बोंडं फुटलेली. तो काच खाली करून त्या वावराकडे असा बघत होता, जणू शेजारच्याच्या पोराचं नाव पेपरात आलंय आणि त्या पोराला अजून पत्ता नाही. साहेबांना बँकेत उशीर झाला. ते चिडले, पण वऱ्हाडवाल्या वाक्याला तेही मागे वळून मिशीत हसले होते.

मग झोपेचं पुस्तक आलं, आणि तिथून सगळं बिघडलं म्हणा किंवा सुधारलं म्हणा.

त्या पुस्तकात होतं, की अपुऱ्या झोपेच्या माणसाचा मेंदू डोळे उघडे असतानाही क्षणभर झोपून जातो आणि त्या माणसाला ते कळतही नाही. तो त्या दिवशी पुस्तकाशी भांडला नाही. तो पहाटेच बडनेरा स्टेशनवर सवाऱ्या घ्यायला जायचा, मग आमची फेरी, दुपारी आणखी एक, संध्याकाळी परतीची. दुसऱ्या दिवसापासून त्याने पहाटेची फेरी सोडली. पुढच्या आठवड्यात संध्याकाळी मूर्तिजापूरला एका हॉटेलजवळ कडुनिंबाखाली गाडी लावली आणि जाहीर केलं, "चहा प्या. मी थोडा पडतो." सीट मागे केली आणि खरोखर झोपला.

मग हे रोजचंच झालं. घरी जायच्या वेळी असा खोळंबा कोणाला आवडेल? ज्यांची पोरं पाळणाघरात होती त्या बायका कुरकुरल्या. काही सवाऱ्या दुसऱ्या गाडीत गेल्या. साहेब म्हणाले, "अरे, तुझ्या झोपेचं भाडं आम्ही द्यायचं का?" तो म्हणाला, "गेले त जाऊ द्या, साहेब. मले पोचवाचं हाय, पळवाचं नाई."

थंडीतली ती सकाळ मला नीट आठवते. बोरगाव मंजू मागे पडलं होतं. रस्ता सरळ, ऊन कोवळं, पुस्तक चालू. गाडी हळू झाली आणि कडेला जाऊन थांबली. त्याने मागचे दिवे लुकलुकते केले आणि धडा अर्धा असताना पुस्तक बंद केलं. मी पहिल्यांदाच हे पाहत होते.

"मी आत्ता झोपलो होतो," तो म्हणाला.

कोणाच्याच काही लक्षात आलं नव्हतं. मी त्याच्या शेजारी बसलेली, मलाही नाही. गाडी ना हलली होती, ना भरकटली होती. साहेब म्हणाले, "काही झालं नाही ना? मग चल. तोंड धू आणि चल."

"तुमाले काई नाई झालं. मले झालं." त्याने किल्ली काढून माझ्या हातात दिली. "थो मैलाचा दगड मघाशी तिकडं होता. मंग एकदम इकडं आला. मधातला रस्ता मले म्हाईतच नाई."

"पण रोज तर झोपता तुम्ही. पुस्तकात सांगितलं तसंच केलंत की," मी म्हटलं.

"झोपतो जी. आता ते पुरून नाई राह्यलं." तो स्टेअरिंगवरून हात फिरवत होता. "मी लई चांगला डायवर हाय, मॅडम. त्याच्यानंच म्हनतो. आता नाई. हे पुस्तकातलं नाई, हे माह्यं."

त्याने फोन करून दुसरी गाडी मागवली. ती येईपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. कोणीही पाहिलं नव्हतं, कोणीही विचारलं नसतं. तो गप्प बसला असता तर संध्याकाळी नेहमीसारखे त्याच्याच गाडीतून घरी गेलो असतो. मला त्याचा अभिमान वाटला, आणि रडूही आलं.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं, की झोपेत त्याचा श्वास अडकतो, म्हणून रात्रभर झोपूनही झोप होत नाही. उपाय आहे, बरं वाटेल. त्याने उपाय केले, त्याला बरंही वाटलं. पण भरल्या गाडीच्या स्टेअरिंगला त्याने पुन्हा हात लावला नाही. गाडी पुतण्याकडे दिली आणि नांदगाव खंडेश्वरकडे भावाच्या वावरात भाजीपाला लावायला गेला. या लाईनवर त्याच्यासारखा ड्रायव्हर आता खरंच नाही.

मध्ये एकदा त्याचा फोन आला. मागे पुस्तकाचा आवाज होता. तब्येत, कॉलेज काही विचारलं नाही. "पुतन्या कसा चालवते?"

"छान चालवतो."

"रात्री किती झोपला, इचारता का?"

मी म्हटलं, असं कसं विचारायचं, त्याला वाईट वाटेल.

"वाटू द्या. मी घरचा हावो, माह्याशी खोटं बोलते तो. तुमी इचारा."

पुतण्या चाळिशीचा, हसतमुख. गाणी लावतो. मागच्या आठवड्यात संध्याकाळी अकोल्याहून निघताना मी विचारलं, "रात्री झोप झाली का हो?"

तो जरा ओशाळला. "लग्नात गेल्तो, मॅडम. कमीच झाली."

"मूर्तिजापूरला थांबा."

मागे सगळे कुरकुरले. कोणीतरी म्हणालं, मॅडमला घरी काम दिसत नाही. मी वळून बघितलं नाही. मूर्तिजापूरला त्याने गाडी झाडाखाली लावली, गाणी बंद केली आणि सीट मागे केली. आम्ही सगळे खाली उतरून थंडीत उभे राहिलो. मुलांना, नवऱ्यांना, सासूबाईंना फोन झाले. काचेतून तो तोंड उघडं टाकून झोपलेला दिसत होता. साहेब घड्याळ बघत होते, पण काच वाजवायला कोणी पुढे झालं नाही.

घरी पोचायला उशीर झाला. सगळे पोचलो.