ऐकू न येणारा एस

समजा, तुमच्यापुढे कोरा कागद आहे. फ्रेंचच्या बाई म्हणतात, "ले लिव्र." म्हणजे पुस्तकं. तुम्ही ऐकलं तसं लिहिता आणि चुकता. कारण पुस्तकं एकाहून जास्त असली की शेवटी एक एस लिहायचा असतो, आणि तो कुणीच उच्चारत नाही.

पिरनवाडीच्या प्रियदर्शनीचे फ्रेंचच्या परीक्षेत असे एकोणीस एस राहिले. बेळगावात विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ती तपासणीला आहे, मी शेजारच्या टेबलावर. केसाएवढी चूकसुद्धा तिच्या मायक्रोमीटरखालून सुटत नाही. फ्रान्सच्या कारखान्यात सहा महिने शिकायला एकालाच पाठवणार आहेत, अट फ्रेंच परीक्षेची. बोलण्यात ती पहिली आली. लेखीत चार गुणांनी गेली. फेरपरीक्षा येत्या रविवारी, आणि ती शेवटची.

घोटाळा शिकण्याच्या पद्धतीत झाला. आमच्याकडे भाषा कानानं उचलतात. तिचे वडील भावकू भाजी विकता विकता कन्नड शिकले. कन्नड पाटी त्यांना आजही वाचता येत नाही. तिनंही फ्रेंच तसंच उचललं. बसमध्ये कानाला हेडफोन, वही कोरी.

"कन्नडात लई असलं की शेवटी गळू लावलं की झालं," भावकू म्हणाले. "मने म्हंजे घर, मनेगळू म्हंजे घरं. ऐकू येतंय न्हवं?"

"आप्पा, फ्रेंच लोकबी एस लावत्यात. पण बोलत न्हाईत."

"मग लावत्यात कशाला गं? शाई लई झालीया व्हय त्यांच्याकडं?"

तिला हसू आलं नाही.

शिकवणीच्या कल्याणीबाईंनी सांगितलं, "कान बंद ठेव. आधी अनेकवचनाचा ले आला की पुढच्या शब्दाला एस दे." दोन दिवस ते जमलं. मग घोडा आला. एक असला की शव्हाल, जास्त असले की शव्हो, आणि शेवटी एक्स. तोही मुका.

"आता ह्यो कुठनं आला?" तिनं पेन आपटलं.

"पाठ कर," बाई म्हणाल्या.

"दोन वर्षं शिकले मी, बाई. आता परत पहिलीत बसवताय?"

आज जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडलाच नाही. फोनवरचं ऐकून तीस वाक्यं लिहिली, मी उत्तरं ताडून पाहिली. आठ एस कमी. तिनं कागद माझ्या हातातून ओढून घेतला.

"आदर्श, फ्रान्सातली पोरंबी आधी कानानंच शिकत असतील न्हवं? मग त्यांना ह्यो एस घावतो कसा?"